हिरव्या गाडीचं तेल आणि चार बरण्या

आधी दोन्ही तळहात एकमेकांवर घास बघू. जोरात. ऊब आली ना? हात एकमेकांना अडवतात, धरून ठेवू बघतात, त्याची ती ऊब. आता कल्पना कर, तळहातांवर कोणीतरी चमचाभर तेल ओतलंय. हात सुळकन सुटतात. कोणी कोणाला धरत नाही.

आता कल्पनेतच एका वेगवान गाडीच्या पोटात शिरू. पुढे आहे गिअरबॉक्स. आत दातेरी चाकं गरगरताहेत, एक भरधाव, एक सावकाश. गिअर बदलायचा म्हणजे या दोघांना क्षणभरात एका चालीवर आणायचं. ते काम पितळेचं एक कडं करतं. पळत सुटलेल्या पोराचा दंड आई धरते आणि मग दोघं एका चालीने चालायला लागतात, तसं ते कडं वेगातल्या चाकाला धरतं. धरायचं तर थोडं घासायला हवं. म्हणून इथलं तेल फार बुळबुळीत चालत नाही, आणि पितळेला खाणारं तर मुळीच चालत नाही.

तिथून मागे सरक, मागच्या दोन चाकांच्या मध्ये. तिथे भोपळ्याएवढी एक पेटी असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. दोघांचं भांडण होऊ न देणं हे या पेटीचं काम. तिथे दात दातावर इतक्या जोराने रगडले जातात की साधं तेल चिरडून बाजूला होतं. तिथे औषध घातलेलं तेल लागतं. त्या औषधात गंधक असतं. ते पोलादी दात वाचवतं, पण अशा तेलांतली काही इतकी जहाल असतात की तापली की पितळेला काळं करतात. पुढच्या तेलावर बहुधा चार हा आकडा असतो, मागच्यावर पाच. पाच मोठा म्हणून पाच चांगला, असं समजून पुष्कळ शहाणी माणसं फसली आहेत.

एवढं ध्यानात राहिलं की गोष्ट सांगायला मी मोकळा.

खारू तेव्हा अकरा वर्षांची होती. शाळेच्या हजेरीत तिचं नाव वेगळं होतं, पण तिच्या खिशात सदा नट, वायसर आणि तुटक्या साखळीचे दुवे भरलेले असायचे, म्हणून मामाने तिला खारू म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळा सुटली की ती मामाच्या गॅरेजात जायची. तिचे बाबाही तिथेच कामाला होते. आईचा थोरला भाऊ मालक आणि आईचा नवरा त्याच्या हाताखाली. त्यामुळे मामा बाबांना हुकूमही करायचा आणि ‘अहो भावोजी’ही म्हणायचा. दोन्ही एकाच वाक्यात.

मामाच्या हातात जादू होती आणि डोक्यात संशय. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती त्याने काळ्या रंगाने काढून ठेवली होती, म्हणजे कोणता पाना जागेवर नाही ते दारातूनच कळावं. चहाच्या टेबलावरच्या साखरेच्या बरणीवर पेन्सिलीची रेघ होती, साखर किती उरली त्याची. रोज संध्याकाळी नवी रेघ. वेगवान गाड्यांचं तेल तो कुलपात ठेवायचा. लोखंडी कपाटात लांब तोटीचे दोन मोठे पत्र्याचे डबे होते, एकात गिअरबॉक्सचं तेल, दुसऱ्यात डिफरन्शियलचं. किल्ली मामाच्या गळ्यात. तेल हवं असलं की तो स्वतः कपाट उघडायचा, उघड्या दाराआड उभा राहून मापात तेल काढायचा आणि कुलूप लावून ते दोनदा ओढून बघायचा.

“देवाने मामाच्या डोळ्यांत तेल घालूनच पाठवलंय,” आई म्हणायची. “लहानपणी झोपायच्या आधी आपल्या गोट्या मोजायचा. आणि मग माझ्यासुद्धा.”

त्या मंगळवारी खारू दप्तर टाकून आत आली तेव्हा हिरवी गाडी दारात उभी होती. जमिनीला चिकटलेली, चपटी, रुंद चाकांची. गाडी दातांच्या डॉक्टरबाईंची. आठवडाभर त्या लोकांची तोंडं उघडून बघायच्या आणि सुटीच्या दिवशी डोंगरावरच्या चढणीच्या शर्यतीत गाडी पळवायच्या. येत्या रविवारी शर्यत होती.

“आवाज येतो,” डॉक्टरबाई सांगत होत्या. “दुसऱ्यावरून तिसऱ्यावर टाकताना. कर्रर. माझ्या पेशंटचे दात असे वाजले असते तर मी त्याला खुर्चीतून उठू दिलं नसतं.”

“कधीपासून?” मामाने विचारलं.

“झाले दोन आठवडे. आणि मागूनही काहीतरी गुणगुणतं, वेगात पाय उचलला की.”

मागचं मामाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याचं डोकं पुढच्या कर्ररमध्ये अडकलं होतं. पाच आठवड्यांपूर्वीच तर या गाडीची दोन्ही तेलं बदलली होती.

पाच आठवड्यांपूर्वीचा तो दिवस गॅरेजात सगळ्यांना आठवत होता, कारण त्या सकाळी डॉक्टरबाईंनी मामाची दाढ काढली होती. गाल टोपलीएवढा सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, तोंडातून शब्द फुटत नाही. आणि डॉक्टरबाईंना गाडी तर त्याच दिवशी हवी. मामाने नाइलाजाने गळ्यातली किल्ली काढली, बाबांच्या हातावर ठेवली, गाडीकडे बोट दाखवलं आणि घरी जाऊन आडवा झाला. किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली ती तेव्हाच, पहिल्यांदा.

गाडी लिफ्टवर चढली. मामाने गिअरबॉक्सचं बूच सैल केलं आणि कोमट तेल पसरट ट्रेमध्ये धार धरून उतरलं. मामाने त्यात दोन बोटं बुडवून एकमेकांवर घासली, मग नाकाशी नेली. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने खिशातून लोहचुंबक काढलं आणि तेलातून फिरवलं. चुंबकाला थोडा करडा चुरा चिकटला, तेवढा चालतो. पण ट्रेच्या तळाशी सोनेरी भुकटी तशीच चमचमत राहिली.

“खारू, हे चुंबकाला का चिकटत नाही?”

“पितळ आहे म्हणून.”

“म्हणजे कुठून आलं?”

“कड्यांमधून,” खारू म्हणाली. तिला ते सोनं बघायला छान वाटत होतं आणि छान वाटू नये हेही कळत होतं.

मामा बोटं पुसत पुसत बाबांकडे वळला. “भावोजी, त्या दिवशी यात कुठलं तेल ओतलंत?”

“गिअरबॉक्सचं,” बाबा म्हणाले.

“कपाटातलंच?”

“कपाटातलंच. तुम्हीच किल्ली दिलीत ना, दादा.”

“हो, किल्ली मीच दिली,” मामा म्हणाला. त्याची नजर बाबांच्या हातांवर गेली आणि तिथेच थांबली. बाबांनी हात मागे घेतले. तेलकट होते म्हणून घेतले असतील. पण खारूच्या मनात पाल चुकचुकली ती त्याच क्षणी.

कारण घरी, ओट्याखालच्या कपाटात, अगदी मागे, फडक्यात गुंडाळलेला एक छोटा डबा तिने पाहिला होता. त्यात तेल होतं. कसलं, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

रात्री जेवताना ती बाबांकडे बघत राहिली. बाबा नेहमीसारखेच जेवत होते, मान खाली, घास मोजल्यासारखे. चोर माणूस कसा जेवतो हे खारूला माहीत नव्हतं, आणि तेच तर वाईट होतं. संशय आला की साधं जेवणंसुद्धा साधं राहत नाही. बाबांनी पाणी मागितलं तरी तिला वाटलं, यांचा घसा का सुकला असेल?

सकाळी शाळेला जाण्याआधी तिने औषधाच्या रिकाम्या बाटलीत त्या डब्यातलं थोडं तेल काढून घेतलं आणि बाटली दप्तरात टाकली.

बुधवारी दुपारी मामाने बरण्या काढायला सांगितल्या. ही त्याची जुनी रीत होती. नवं तेल आलं की तो डब्यावरच्या चित्रावर किंवा आकड्यावर विश्वास ठेवत नसे. जुन्या पितळी कड्याचे तुकडे कापायचे, बारीक पॉलिश पेपरने आरशासारखे घासायचे, काचेच्या छोट्या बरण्यांत एकेक तेल घेऊन त्यात एकेक तुकडा सोडायचा आणि बरण्या वाळूच्या परातीत रोवून परात शेगडीवर ठेवायची. बेअरिंग तापवायची ती विजेची शेगडी मंद ठेवायची आणि चार तास हात लावायचा नाही. ज्या तेलातला तुकडा चकचकीत राहील ते पितळेच्या संगतीला चांगलं. जो काळा पडेल त्याचं तेल मागच्या पेटीसाठी.

“तेल निवडायचं ते पितळेला विचारून,” मामा म्हणायचा. “पितळेला लाच देता येत नाही.”

तुकडे घासायचं काम खारूचं. मामाने बरण्या भरल्या. पहिलीत गाडीतून काढलेलं तेल. दुसरीसाठी तो कपाटापाशी गेला, दाराआड उभा राहिला आणि डाव्या हाताच्या डब्यातून माप भरून आणलं. तिसरीत तेलवाल्या काकांच्या दुकानातून आणलेल्या गिअरबॉक्सच्या तेलाच्या सीलबंद बाटलीतलं, कारण मामाचा तेलवाल्यावरही संशय होता.

“वीस वर्षं तेल घेता त्यांच्याकडून,” बाबा हळूच म्हणाले होते.

“वीस वर्षांत एकदाही फसवलं नाही, हेच मला खटकतं,” मामा म्हणाला.

मामा फोनवर बोलायला बाहेर गेला तेव्हा खारूने चौथी बरणी घेतली. दप्तरातली बाटली तिच्यात रिकामी केली, तुकडा सोडला आणि बरणी परातीच्या कडेला वाळूत खोचली. तिला वाटत होतं आपण बाबांना वाचवायला हे करतोय. पण खरं सांगायचं तर, वाचवायला बाटली भरावी लागत नाही, नुसतं विचारलं तरी चालतं. तिने विचारलं नव्हतं.

चार तासांनी मामाने चिमट्याने एकेक तुकडा उचलून पांढऱ्या कापडावर ठेवला. पहिला काळा-निळा, जळल्यासारखा. दुसरा चकचकीत. तिसरा चकचकीत. मग चिमटा थांबला.

“ही चौथी कुणाची?”

खारू पांढऱ्या कापडाची घडी सारखी करायला लागली.

“खारू, मी बरण्या तीन भरल्या होत्या. मला मोजता येतं.”

“घरचं तेल आहे,” ती म्हणाली. “ओट्याखालच्या डब्यातलं.”

मामाने चौथा तुकडा काढला. तोही चकचकीत होता. पण मामाचं लक्ष आता तुकड्याकडे नव्हतंच. तो बाबांकडे बघत होता, आणि बाबा मामाकडे बघतच नव्हते. ते खारूकडे बघत होते. रागाने नव्हे. एखाद्या अनोळखी घराच्या दारावरची पाटी वाचावी तसे.

“भावोजी, तुमच्या घरी तेलाचा डबा असतो?”

“शिवणयंत्राचं तेल आहे. तुमच्या बहिणीच्या,” बाबा म्हणाले.

“असेल, असेल. मी कुठं काय म्हणतोय? मी फक्त इतकंच बघतोय,” मामाने एकेक बोट मुडपलं, “की माझ्या डब्यातलं तेल बरोबर आहे. दुकानातलं बरोबर आहे. गाडीत मात्र चूक तेल होतं. म्हणजे गाडीत जे गेलं ते माझ्या डब्यातलं नव्हतं. आणि किल्ली त्या दिवशी माझ्याकडे नव्हती. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढंच.”

“मी तुमच्याच डब्यातलं ओतलं, दादा.”

“मग माझा डबा खोटं बोलतो का?”

बाबांनी फडक्याला हात पुसले. नीट, प्रत्येक बोट वेगळं. “गाडी रविवारी शर्यतीला जायची आहे,” ते म्हणाले. “तोवर मी आहे. सोमवारपासून मी येणार नाही.”

घरी त्या संध्याकाळी आई शिवणयंत्रावर बसली होती. बाबांनी ओट्याखालचा डबा काढून आणला, यंत्राच्या चाकात दोन थेंब टाकले आणि डबा परत ठेवला, पण या वेळी मागे नाही, पुढे, सगळ्यांना दिसेल असा. खारूला वाटलं, त्यांनी रागावून डबा आपटला असता तर बरं झालं असतं.

गुरुवारी बाबांनी गिअरबॉक्स उघडला. दोन कड्यांच्या आतल्या बारीक रेघा झिजून सपाट झाल्या होत्या. नवी कडी आली. मामा आणि बाबा एकाच यंत्रावर वाकून काम करत होते, आणि त्यांच्यात पाना, चिमटा, फडकं याखेरीज एकही शब्द नव्हता. बाबांचा पान्यांचा डबा भिंतीपाशी बांधून तयार होता. त्यांचे स्वतःचे पाने त्यांनी मोजून त्यात भरले होते आणि मामाने ते दुरून मोजले होते.

शुक्रवारी दुपारी गिअरबॉक्स परत जागेवर चढला. मामा गाडीखाली, दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. बाबा दोन पावलांवर होते. किल्ली त्यांना देता आली असती. मामाने खारूला हाक मारली.

“गळ्यातली किल्ली काढ माझ्या. कपाट उघड आणि डावा डबा आण. सांडू नकोस.”

बाबांनी मान फिरवली. खारूने किल्ली काढली आणि कपाटाकडे गेली. इतकी वर्षं ती या गॅरेजात येत होती, पण त्या दाराआड ती कधी उभी राहिली नव्हती. कुलूप उघडलं. दोन डबे शेजारी शेजारी उभे होते, जाडजूड जुळ्या भावांसारखे. प्रत्येकावर चिकटपट्टीने चिकटवलेली कागदाची चिठ्ठी होती. डाव्या डब्यावर मामाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘डिफरन्शियल’. उजव्यावर, ‘गिअरबॉक्स’.

खारूने पुन्हा वाचलं. मामा म्हणाला डावा. बुधवारीही त्याने डावाच डबा उचलला असणार, आणि त्यातल्या तेलात पितळ चकचकीत राहिलं होतं. म्हणजे डाव्यात खरंच गिअरबॉक्सचं तेल होतं. मग चिठ्ठी?

तिच्या मनात पहिला विचार काय आला असेल? बाबांनी आज चिठ्ठ्या बदलल्या, स्वतःला सोडवायला. विचार आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. पुन्हा तेच. बघायच्या आधीच ठरवून मोकळी.

मग ती बघायला लागली. चिकटपट्टी पिवळी पडून तडकलेली होती. चिठ्ठीच्या वरच्या कडेवर धुळीची जाड रेघ होती, बोटही न लागलेली. पाच आठवडे सोड, पाच वर्षांत तिला कोणी हात लावला नसेल. एक कोपरा सुटलेला होता. खारूने तो नखाने हलकेच उचलला. खाली आणखी एक जुनी चिठ्ठी होती, त्याच ठसठशीत अक्षरात. ‘गिअरबॉक्स’. तिने उजव्या डब्याचा कोपरा उचलला. खाली ‘डिफरन्शियल’.

कोणीतरी फार पूर्वी खऱ्या चिठ्ठ्यांवर खोट्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. आणि अक्षर एकाच माणसाचं होतं.

मग तिला मागचं ते गुणगुणणंही कळलं. पुढचं तेल मागे गेलं असलं, तर मागची पेटी गुणगुणणारच. चोराने फक्त चांगलं तेल नेऊन वाईट ओतलं असतं. इथे दोन्ही तेलं चांगली होती, नुसती एकमेकांच्या घरात गेली होती. अशी चोरी कोण करेल?

खारूने डबा उचलला नाही. ती दारातून बाहेर डोकावली.

“मामा, जरा इकडे या. बाबा, तुम्हीपण.”

“हात बघतेस का माझे?” मामा म्हणाला.

“हातांसकटच या.”

दोघे आले. दोघांच्या मध्ये एक हात अंतर होतं आणि ते त्यांनी चालताना नीट सांभाळलं होतं.

“गिअरबॉक्सचा डबा कोणता?” खारूने विचारलं. “बोलू नका. नुसता हात ठेवा.”

ही आता मलाही परीक्षेला बसवणार, अशा नजरेने मामाने तिच्याकडे बघितलं. पण त्याचा ग्रीसने भरलेला हात आपोआप डाव्या डब्यावर गेला. त्याने डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्या घरातलं दिव्याचं बटण कोणी वाचून दाबतं का?

बाबांनी हात उजव्या डब्यावर ठेवला.

दोन डबे, दोन हात.

“भावोजी, तो नव्हे. हा,” मामा म्हणाला. एखाद्या मुलाची चूक दाखवावी तसं.

“यावर लिहिलंय, दादा,” बाबा म्हणाले. “मी त्या दिवशी वाचूनच घेतलं.”

“लिहिलंय?” मामाने मान खाली केली. त्याचे ओठ हलले. त्याने डावी चिठ्ठी वाचली, मग उजवी, मग पुन्हा डावी, जणू काही दुसऱ्या वेळी अक्षरं शहाण्यासारखी वागतील. मग त्याने सुटलेला कोपरा उचलून खालची चिठ्ठी बघितली, आणि त्याचा गाल पुन्हा सुजल्यासारखा झाला.

“हे माझं अक्षर आहे,” तो म्हणाला.

“हो,” खारू म्हणाली.

“रंगारी,” मामा म्हणाला. “तुम्ही यायच्या आधी इथे एक रंगारी होता, भावोजी. मागच्या खोलीत गाड्या रंगवायचा. मला वाटायचं तो माझं तेल नेतो. म्हणून मी चिठ्ठ्या उलट्या लावल्या. नेऊ दे म्हटलं, नेलं तरी चुकीचं नेईल.”

“मग? नेत होता का?” बाबांनी विचारलं.

“माहीत नाही. चिठ्ठ्या लावल्या आणि दोन महिन्यांनी तो दुसऱ्या गावी गेला. मला तर चिठ्ठ्या वाचायच्या नव्हत्याच, माझे हात ठरलेले. मी साफ विसरलो.” मामाने गालावरून मनगट फिरवलं. “आणि त्या दिवशी तोंडात बोळा होता. नाहीतर मी म्हणालो असतो, डावा घ्या.”

ही माफी नव्हती. मामालाही ते कळलं असावं, कारण तो गाडीकडे बघायला लागला. “मागची पेटीसुद्धा रिकामी करावी लागेल. तिच्यात पुढचं तेल गेलंय. डॉक्टरबाई सांगत होत्या गुणगुणतं म्हणून. मी ऐकलं नाही.”

“करतो,” बाबा म्हणाले.

“भावोजी.” मामाने ग्रीसचे हात फडक्यात गुंडाळले, जसं काही ते लपवायला हवे होते. “सोमवारी या.”

“मी जातो म्हणालो ते डब्यामुळे नव्हे, दादा,” बाबा म्हणाले. “चुकीचं तेल गेलं तर माणूस विचारेलच. तुम्ही नीट विचारलं कुठे? तुम्ही माझ्या हातांकडे बघत राहिलात. एकदा म्हणाला असतात, चला भावोजी, कोणता डबा घेतलात तो दाखवा, तर मंगळवारीच दोघंही इथे उभे असतो.”

मामाने दोन्ही खोट्या चिठ्ठ्या सोलून काढल्या, त्यांची गोळी केली आणि बराच वेळ ती मुठीत धरून ठेवली. “मग आता विचारतो,” तो म्हणाला. “राहाल का?”

“मागचं तेल काढू दे आधी,” बाबा म्हणाले, आणि ट्रे घेऊन गाडीखाली गेले.

त्यांनी पेटीचं बूच सैल केलं. तेल हळूहळू धार धरून ट्रेमध्ये उतरायला लागलं. मामाने उजव्या डब्यातून माप भरलं, आणि या वेळी कपाटाचं दार त्याने उघडंच ठेवलं होतं, पण खारूचं तिकडे लक्ष नव्हतं. ‘तुम्ही नीट विचारलं कुठे’ हे बाबा मामाला म्हणाले होते. तिच्याकडे तर त्यांनी बघितलंही नव्हतं. तरी ते शब्द कपाटावरून उडी मारून तिच्यापाशी येऊन थांबले होते.

मामाला सांगायला निमित्त होतं. दाढ होती, बोळा होता, रंगारी होता. खारूने मनात शोधून बघितलं. लहान आहे, असं म्हणता आलं असतं. बाबांना वाचवायला केलं, असंही म्हणता आलं असतं, आणि बाबांनी ते मानलंही असतं.

ती वाकून गाडीखाली गेली. बाबांच्या समोर उभी राहिली आणि ट्रेची दुसरी कड धरली, म्हणजे बाबांना एक हात मोकळा मिळेल आणि तिला मात्र कुठे पळता येणार नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “ती चौथी बरणी मी भरली, कारण मला वाटलं की तुम्हीच केलंय.”